नाग, अही आणि ड्रॅगन

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी भर घातली आहे.)



 आम्ही काही पट्टीचे वक्ते नाही. सूतगिरणीच्या रिंगखात्यात तुटलेला धागा सांधणे हे आमचे काम. शाळा सातवीत सुटली. पुढचे काय शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि तिसऱ्या पाळीच्या चहाच्या सुट्टीत. तेव्हा बोलण्यात कुठे गाठ राहिली तर सांभाळून घ्या.

विषय ड्रॅगनचा आहे. काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. वर्धापनदिनाला हा विषय कुठून आला, ते आधी सांगतो. आपल्या वस्तीतले एक कुटुंब बोधगयेला जाऊन आले. येताना त्यांनी विहारासाठी एक कापडी चित्र आणले. चार हात लांब, कडेला पिवळ्या जरीची पट्टी, आणि मधे ढगातून वळसे घेत निघालेला भला मोठा ड्रॅगन. मिशा काय, शिंगं काय, नखं काय! चित्र भिंतीवर लागले आणि पहिल्याच रविवारी वंदनेनंतर भांडण जुंपले. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण भुताखेतांना घराबाहेर काढलं, आणि आता हे विहारात आणलं?" पोरं म्हणाली, "काका, तो चीनचा आहे, बौद्धच आहे तो." खरं सांगायचं तर आम्ही ज्येष्ठांच्या बाजूचे. 'काढा ते' असे मोठ्याने म्हणणारा पहिला आवाज आमचाच होता. चित्र गुंडाळून कपाटावर गेले. मग बालवर्गातली एक चिमुरडी आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, तो वाईट होता का?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. चित्र काढायला सांगितले आणि ते कशाचे आहे हेच माहीत नाही, ही मनाला फार लागणारी गोष्ट. म्हणून वाचायला बसलो. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

ड्रॅगन हा शब्द मूळ ग्रीकांचा. ते म्हणत द्राकोन. अर्थ साधा, साप. मोठा साप. अभ्यासक सांगतात की तो पाहणे या अर्थाच्या धातूवरून आला, म्हणजे टक लावून बघणारा. सापाला पापणी नसते, त्याचा डोळा मिटत नाही, त्यावरून हे नाव पडले असेल. म्हणजे पंख, आग, शिंगं हे सगळं पुढचं. मुळात साप. तो साप देशोदेशी गेला आणि प्रत्येक देशाने त्याला आपापल्या गरजेप्रमाणे हातपाय लावले. कुठे पंख फुटले, कुठे तीन डोकी आली. पण गंमत अशी की रूप वेगळे असले तरी तो बसतो कुठे ते बघा. एक तर पाण्यावर, नाही तर सोन्यावर. आणि या दोन्ही जागा अशा आहेत की तिथे कोण बसले आहे यावर बाकीच्यांचे जगणे ठरते.

सगळ्यात जुन्यांपैकी एक कथा आजच्या इराकातली, म्हणजे जुन्या बाबिलोनची. सात मातीच्या पाट्यांवर ती कोरलेली सापडली. तियामत ही खाऱ्या समुद्राची आई. तिने देवांशी लढायला विषारी साप आणि अक्राळविक्राळ प्राणी जन्माला घातले. मार्दुक नावाच्या देवाने तिला मारले, सुकट चिरावी तशी उभी चिरली आणि अर्ध्या भागाचे आभाळ केले. इथवर नेहमीचेच. पुढचे आम्ही दोनदा वाचले. तियामतच्या बाजूने लढलेल्या किंगू नावाच्या सेनापतीला पकडून त्याच्या रक्तातून माणूस घडवला. कशासाठी? तर देवांच्या अंगावरचे काम माणसाच्या अंगावर टाकावे आणि देवांना विश्रांती मिळावी म्हणून! हरलेल्याच्या रक्तातून कामगार. तिसऱ्या पाळीला हे वाचत होतो, भोंगा झाला तरी पुस्तक मिटवेना. आणि तियामतच्या सैन्यातल्या सापांपैकी एक, मुशहुशु, तो मग मार्दुकच्या पायाशी बसू लागला. सापाचे तोंड, पुढचे पाय सिंहाचे, मागचे गरुडाचे, शेपटीला विंचवाची नांगी. नेबुकद्नेझर राजाने बाबिलोनच्या वेशीवर निळ्या विटांमध्ये त्याच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या. ती वेस आज बर्लिनच्या संग्रहालयात उभारलेली आहे. ज्याला जिंकले त्यालाच दारावर पहाऱ्याला उभे करायचे. ही युक्ती आपल्याकडच्या वेशीबाहेरच्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही.

आता आपल्या देशात येऊ. ऋग्वेदात अही आहे. अही म्हणजे साप. त्याचेच नाव वृत्र, आणि वृत्र या शब्दाचा अर्थच मुळी अडथळा. हा अही डोंगरावर पसरून नद्यांचे पाणी अडवून बसला होता; इंद्राने वज्राने त्याला मारले आणि पाणी मोकळे झाले. पहिल्या मंडलातल्या बत्तिसाव्या सूक्तात हा प्रकार सविस्तर आहे. त्यात दोन गोष्टी अशा आहेत की कीर्तनात कोणी सांगत नाही. एक, वृत्राची आई दानू त्याला वाचवायला त्याच्या अंगावर पडते. खाली मुलगा, वर आई, वासराजवळ गाय पडावी तशी. दुसरी, वृत्र मेल्यावर इंद्राच्या मनात भीती शिरते आणि तो नव्याण्णव नद्या ओलांडून पळत सुटतो. मारणारा का पळाला? सूक्तात त्याचा खुलासा नाही. पण ज्याने कोणी ते रचले त्याने एवढं प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं, हे त्याचं मोठेपण म्हणू.

बाबासाहेबांनी या अहीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी मांडले की ऋग्वेदातला अही वृत्र म्हणजे सरपटणारा साप नव्हे, ते नाग लोक. दास आणि नाग एकच. दास हा शब्द दाहक यावरून आला आणि दाहक हे नागांच्या राजाचे नाव होते, असे त्यांचे म्हणणे. पुढे १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात, दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, याचे उत्तर देताना त्यांनी याच नाग लोकांचा दाखला दिला. बौद्ध धर्माचा प्रसार करणारे नाग लोक आणि तिथली नाग नदी यांचा संबंध सांगितला. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पण दाहक कोण, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते.

दाहक हा इराणचा ड्रॅगन. पारशी लोकांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात त्याला अझी दाहक म्हटले आहे. आपला अही आणि त्यांचा अझी हे एकाच शब्दाचे दोन उच्चार. तीन तोंडे, तीन डोकी, सहा डोळे. त्याला मारणारा थ्रेतओन. तोच पुढच्या फारसी कथांत फरेदून होतो, आणि फरेदून हे नाव पारशी कुटुंबांतून आजतागायत ठेवले जाते. भाषापंडितांत दाहक या शब्दाच्या मुळाबद्दल एकमत नाही, तेही सांगून ठेवतो. नाही तर उद्या कोणी पुस्तक उघडून म्हणेल, तुमच्या वक्त्याने हे लपवलं.

इसवी सन १०१० मध्ये फिर्दौसी या कवीने 'शाहनामा' पुरा केला. त्यात हा दाहक जहाक नावाचा राजा झाला आहे. सैतानाने त्याच्या दोन खांद्यांचे चुंबन घेतले आणि तिथून दोन काळे साप उगवले. कापले तरी पुन्हा उगवायचे. वैद्याचे सोंग घेऊन तोच सैतान आला आणि म्हणाला, यांना रोज माणसाचा मेंदू खायला घाला. मग रोज दोन जवान पोरं धरून आणायची आणि मारायची. असे हजार वर्षे राज्य चालले. राजवाड्यात दोन भल्या माणसांनी आचारी म्हणून नोकरी धरली. रोजच्या दोघांपैकी एकाला ते गुपचूप सोडून द्यायचे आणि त्याच्या जागी मेंढीचा मेंदू मिसळायचे. दोन्ही वाचवता येत नव्हते, एक वाचायचा. सुटलेली पोरं डोंगरात पळून जायची, आणि कुर्द लोक त्यांच्यापासून झाले असे ही कथा सांगते. त्या दोन आचाऱ्यांचा आम्ही फार विचार केला. रोज सकाळी कोणाला सोडायचे आणि कोणाला कापायचे हे ठरवून पुन्हा चुलीपुढे उभे राहायचे. अशी माणसं आम्ही कामाच्या जागी पाहिली आहेत. त्यांना कुणी हार घालत नाही.

मग एके दिवशी जहाकने काय केले? मी न्यायी राजा आहे असा एक दस्तऐवज लिहवून घेतला आणि गावच्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावून सह्या घ्यायला सुरुवात केली. सगळ्यांनी मुकाट सह्या केल्या. तेवढ्यात दारात एक लोहार ओरडत आला. त्याचे नाव कावे. एकामागून एक मुलगे सापांना गेले होते, आता शेवटचाही धरून नेला होता. राजाने घाबरून मुलगा परत दिला आणि म्हणाला, आता तूही सही कर. कावेने कागद फाडला, पायाखाली तुडवला, बाहेर आला, भट्टीजवळ काम करताना पोटावर बांधायचे ते कातडे सोडले आणि भाल्याच्या टोकाला लावले. तो झेंडा झाला. बाजार त्याच्या मागे निघाला, आणि फरेदूनला पुढे घालून त्यांनी जहाकला पाडले. मारले नाही, देवदूताने अडवले म्हणून दमावंद डोंगरात साखळदंडांनी जखडून ठेवले.

लोहाराच्या त्या कातड्याला पुढच्या राजांनी हिरे-माणकं जडवली आणि तो राजघराण्याचा झेंडा करून टाकला. ते असो. पण कुर्द लोक अजून २१ मार्चच्या सुमाराला नवरोजला डोंगरावर शेकोट्या पेटवतात, त्या कावेच्या नावाने.

आता अडचण लक्षात आली का? बाबासाहेबांच्या मांडणीप्रमाणे दाहक हा नागांचा राजा, म्हणजे आपला पूर्वज. फिर्दौसीच्या कथेत तो पोरांचे मेंदू खाणारा जुलमी, आणि त्याच्याविरुद्ध उठणारा कोण, तर हाताने काम करणारा लोहार. मग आम्ही कोणाच्या बाजूचे? दाहकाच्या का लोहाराच्या? आम्ही हा प्रश्न रविवारच्या बैठकीत टाकला तेव्हा पोरांत दोन तट पडले. एक म्हणाला, कथा जिंकणाऱ्यांनी लिहिली, त्यात दाहकाला राक्षस करणारच. दुसरा म्हणाला, मग लोहाराला खोटं म्हणायचं का? हा वाद एकट्या आपल्या वस्तीत झाला असे समजू नका. इराणचे नामवंत कवी अहमद शामलू यांनी १९९० साली अमेरिकेत बर्कले येथे भाषण करताना सांगितले की जहाक हा वरच्या वर्गाच्या डोळ्यांत सलणारा माणूस होता आणि त्याला कथेत बदनाम केले आहे. त्यावरून इराणी लोकांत केवढे वादळ उठले. म्हणजे त्यांच्या घरातही तोच प्रश्न.

आमचे मत असे. जिथे जिथे साप मेला तिथे तिथे आपलाच माणूस मेला, असे डोळे मिटून धरू नका. ते सोपं आहे म्हणून धरू नका. प्रत्येक कथेला दोन प्रश्न विचारा. पाण्यावर खरोखर कोण बसले होते? आणि पोरं कोणाची गेली? वृत्राच्या कथेत साप पाणी अडवतो आणि देव सोडवतो. ठीक आहे. पण २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, तेव्हा ते पाणी कोणी अडवले होते? तिथे कुठला अही नव्हता. गुराढोरांना मोकळे असलेले पाणी माणसांना बंद होते, आणि ते बंद करणारे इंद्राची सूक्ते म्हणणाऱ्यांचे वारस होते. उलट लोहाराच्या कथेत पोरं लोहाराची गेली, तेव्हा तिथे आम्ही लोहाराच्या मागे उभे. पूर्वजांचा अभिमान एका जागी, हिशेब एका जागी.

युरोपातली सर्वात प्रसिद्ध कथा संत जॉर्जची. तेराव्या शतकात याकोबुस नावाच्या इटालियन धर्मगुरूने संतांच्या गोष्टींचा जो ग्रंथ केला त्यात ती आहे. सिलेने नावाच्या गावाच्या तळ्यात ड्रॅगन. (पुन्हा पाणी!) लोक त्याला रोज दोन मेंढ्या घालायचे. मेंढ्या संपत आल्या तेव्हा एक मेंढी आणि एक माणूस. राजाने नियम केला, चिठ्ठ्या टाका, ज्याचे नाव निघेल त्याचे मूल जाईल. पुष्कळांची मुले गेली. मग एक दिवस चिठ्ठी राजाच्या मुलीची निघाली. राजा म्हणाला, माझे सोने घ्या, चांदी घ्या, अर्धे राज्य घ्या, पण पोरीला सोडा. लोक खवळले. नियम तूच केलास, आमची पोरं गेली तेव्हा गप्प होतास, आता तुझी वाचवतोस? जॉर्ज नंतर येतो, घोड्यावरून. चित्रात तोच दिसतो. पण कथेचा जीव आम्हाला त्या खवळलेल्या लोकांत दिसला. आणखी एक. जॉर्जने ड्रॅगनला आधी जखमी केले आणि राजकन्येच्या कमरेचा पट्टा गळ्यात बांधून त्याला गावात आणले. लोक पळू लागले तेव्हा तो म्हणाला, आधी सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्या, मग मारतो. ख्रिस्ती बांधवांचा अनादर करायचा नाही, ही जुनी कथा आहे. पण धम्म स्वीकारताना आपल्या डोक्यावर असा साप कोणी धरला नव्हता, एवढे मनात आल्याशिवाय राहिले नाही.

युरोपातले बाकीचे ड्रॅगन बहुतेक सोन्यावर बसणारे. उत्तरेकडचा फाफनीर तर मुळात साप नव्हताच. सोन्यासाठी बापाचा खून केला आणि राखण करता करता ड्रॅगन झाला. इंग्रजांच्या 'बेवुल्फ' या जुन्या काव्यात ड्रॅगन गुहेत खजिन्यावर झोपलेला असतो, आणि मालकाच्या माराला कंटाळून पळालेला एक गुलाम तिथून एक पेला उचलतो. एका पेल्यापायी ड्रॅगन गावंच्या गावं जाळतो. शेवटी राजा आणि ड्रॅगन दोघे मरतात आणि खजिना राजाबरोबर पुन्हा जमिनीत पुरतात. कोणाच्या काय कामाला आला?

आता चीन. इथे मात्र सगळा रंगच पालटतो. चीनचा लुंग पाणी अडवत नाही, पाणी आणतो. नद्यांत, समुद्रात, ढगांत राहतो. हरणाची शिंगं, उंटाचे डोके, सापाची मान, माशाचे खवले, गरुडाची नखं, बैलाचे कान, असे नऊ प्राण्यांचे अवयव त्याच्यात जुळवलेले. आग ओकणे हे त्याचे काम नव्हे. दुष्काळ पडला की लोक मातीचे ड्रॅगन करून नाचवायचे, आणि तरीही पाऊस आला नाही तर नागराजाची मूर्ती देवळातून उचलून भर उन्हात आणून ठेवायचे. बस म्हणावं, तुलाही कळू दे ऊन काय असतं ते! आपल्याकडे डोक्यावर लिंबाचा पाला बांधून 'धोंडी धोंडी' करत पोरं दारोदार फिरायची, तीही पावसासाठीच. पण देवालाच उन्हात बसवायचे धाडस आपल्याकडे फारसे ऐकले नाही.

तिथेही राजाने हात मारलाच. पाच नखांचा ड्रॅगन सम्राटाचा, इतरांनी वापरायचा नाही, असे कायदे झाले. बाकीच्यांना चार किंवा तीन नखांचे. आपल्या चित्रातल्या ड्रॅगनची नखं आम्ही कपाटावरून काढून मोजली. चार आहेत. म्हणजे हा राजाचा नव्हे, बिनधास्त राहा.

ड्रॅगन खरोखर होता का, असे पोरांनी विचारले. नव्हता. आग ओकणारा, उडणारा असा प्राणी या पृथ्वीवर झाला नाही. पण हाडं होती. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट गावात १३३५ साली एक कवटी सापडली, लोकांनी ती ड्रॅगनची म्हणून जपली आणि तिच्यावरून पुतळा घडवला. ती निघाली हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची. चीनमध्ये औषधाच्या दुकानात 'ड्रॅगनची हाडं' म्हणून उगाळायला विकत, ती जमिनीत दगड झालेली जुन्या प्राण्यांची हाडं. याच नावाने विकल्या जाणाऱ्या काही हाडांवर कोरलेली अक्षरे १८९९ साली अभ्यासकांच्या नजरेत आली आणि चीनची सगळ्यात जुनी लिपी हाती लागली. हाडं उगाळून पिणाऱ्यांनी किती इतिहास पोटात घातला असेल, विचार करा.

आता चित्रातला ड्रॅगन बौद्ध कसा, तिकडे येऊ. भारतातून भिक्खू आणि ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा भाषांतर करणाऱ्यांपुढे नाग हा शब्द आला. त्यांनी त्याला आपल्या ओळखीचा शब्द लावला, लुंग. झाले! भारतातला नाग चीनमध्ये ड्रॅगन झाला. आचार्य नागार्जुनांना चिनी भाषेत लुंग-शू म्हणतात, म्हणजे ड्रॅगन-वृक्ष. भूतानच्या झेंड्यावर पांढरा ड्रॅगन आहे तो गडगडाटाचा ड्रॅगन, तिथल्या बौद्ध पंथाचे नावच त्याच्यावरून आहे. आणि सहाव्या शतकात चांग सेंगयू नावाच्या चित्रकाराने नानकिंगच्या एका बौद्ध विहाराच्या भिंतीवर चार ड्रॅगन काढल्याची गोष्ट चीनमध्ये लहान पोरांनाही ठाऊक असते. म्हणजे विहाराच्या भिंतीवर ड्रॅगन, ही दीड हजार वर्षांची जुनी गोष्ट. आम्ही मात्र पहिल्याच रविवारी 'काढा ते' म्हणून मोकळे झालो.

पण पाली ग्रंथातला नाग कसा आहे? विनयपिटकात मुचलिंदाची कथा आहे. ज्ञानप्राप्तीनंतर भगवान मुचलिंद वृक्षाखाली बसलेले. अवेळी पाऊस सुरू झाला, सात दिवस झड, गार वारा. मुचलिंद नागराज बाहेर आला, भगवानांच्या देहाभोवती सात वेटोळे घातले आणि डोक्यावर फणा धरला. थंडी लागू नये, ऊन-वारा लागू नये, डास-माश्या चावू नयेत म्हणून. आठव्या दिवशी आभाळ उघडले तेव्हा त्याने वेटोळे सोडले आणि तरुण माणसाचे रूप घेऊन हात जोडून उभा राहिला. आपल्यातले पुष्कळ जण मुचलिंद हा नाग कुळातला माणूसच होता असे मानतात. ग्रंथात तो साप आहे आणि माणूसही आहे. अजिंठ्याला १९ नंबरच्या लेण्याबाहेर नागराजाची मूर्ती बघा. देह माणसाचा, ऐटीत बसलेला, शेजारी राणी, मागे सात फण्यांचे छत्र. त्या कारागिराने दोन्ही ठेवले. कंबोडियात तर वेटोळ्यांवर बसलेल्या बुद्धाच्या मूर्ती अकराव्या-बाराव्या शतकापासून किती घडवल्या त्याला गणती नाही. आम्ही एवढे वाचले त्यात अशी दुसरी कथा सापडली नाही, की जिथे साप आणि महापुरुष समोरासमोर आले, कोणी कोणाला मारले नाही, आणि उपकार सापाने केला.

सगळेच इतके गोड आहे असेही नाही. विनयातच दुसरी कथा आहे. एका नागाला आपल्या नागजन्माचा कंटाळा आला. त्याने माणसाचे रूप घेतले, भिक्खू झाला. एका पहाटे त्याच्याबरोबरचा भिक्खू बाहेर गेला असताना तो निर्धास्त झोपला, झोपेत मूळ रूप उघडे पडले आणि सगळी कुटी वेटोळ्यांनी भरून गेली. भिक्खू ओरडला. भगवानांनी नागाला सांगितले, तुला संघात राहता येणार नाही, उपोसथ पाळ, लवकर मनुष्यजन्म मिळेल. नाग रडत गेला. तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला जे प्रश्न विचारतात त्यात एक प्रश्न आहे, 'मनुस्सोसि?' तू माणूस आहेस का? आणि त्याने म्हणायचे, 'आम भन्ते.' होय. थायलंडमध्ये भिक्खू होऊ घातलेल्या तरुणाला त्या दिवसापुरते 'नाक' म्हणतात, म्हणजे नाग. त्या रडत गेलेल्या नागाची आठवण म्हणून, असे तिकडचे लोक सांगतात.

हे वाचून आम्ही दोन दिवस अस्वस्थ होतो. तू माणूस आहेस का, हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांना गावाने न बोलता रोज विचारला, आणि त्यांनी होय म्हटलेले कोणी ऐकून घेतले नाही. मग आपल्याच ग्रंथात तो प्रश्न का? भन्तेजींना विचारले. ते म्हणाले, फरक एवढाच, की इथे उत्तर विचारणाऱ्याने द्यायचे नसते, ज्याला विचारले त्याने द्यायचे असते, आणि त्याच्या तोंडचे 'होय' ऐकल्यावर पुढे कोणी त्याची जात तपासत नाही. आमचे पुरते समाधान झाले असे म्हणवत नाही. पण थायलंडच्या लोकांनी त्या हाकललेल्या नागाचे नाव प्रत्येक नव्या भिक्खूला दिले, हे मात्र फार आवडले.

महायानातल्या सद्धर्मपुंडरीक सूत्रात सागर नागराजाची आठ वर्षांची मुलगी आहे. ती बुद्धत्वाला पोचते. सारिपुत्त शंका काढतात, स्त्रीला हे कसे जमेल? ती म्हणते, बघाच. आणि करून दाखवते. पण त्या आधी क्षणभर तिला पुरुष व्हावे लागते, असे ग्रंथात लिहिले आहे. महिला मंडळाच्या ताईंनी हे ऐकून लगेच विचारले, "का म्हणून?" आम्हीही तेच विचारतो. चीन-जपानच्या कित्येक उपासिकांना मात्र ही ड्रॅगनची पोर शेकडो वर्षे आपली वाटत आली, हेही खरे.

आता चित्राचे सांगतो. समितीच्या बैठकीत आम्ही आमचा शब्द मागे घेतला. ज्येष्ठ उपासक लगेच मानले नाहीत. ते म्हणाले, उद्या कोणी या चित्राला हळद-कुंकू लावलं तर? शंका रास्त आहे, आपल्या लोकांचा हात कधी वळेल सांगता येत नाही. म्हणून ते वंदनेच्या सभागृहात न लावता अभ्यासिकेत, पुस्तकांच्या कपाटाच्या वर लावले आहे. त्यावर त्यांनी मान हलवली. खाली एका पुठ्ठ्यावर ड्रॅगन म्हणजे काय, हे पोरांनी चार ओळींत लिहिले आहे. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, त्या आम्ही तशाच ठेवल्या.

राहिली त्या चिमुरडीची गोष्ट. तिला आम्ही चांग सेंगयूची पूर्ण कथा सांगितली. त्याने विहाराच्या भिंतीवर चार ड्रॅगन काढले, पण डोळे काढले नाहीत. म्हणायचा, डोळे काढले तर उडून जातील. लोकांना खोटे वाटले, त्यांनी हट्ट धरला. त्याने दोघांचे डोळे काढताच विजा कडाडल्या, भिंत फुटली आणि ते दोघे ढगात निघून गेले. बिनडोळ्यांचे दोन तिथेच राहिले. तिने मान डोलावून ऐकून घेतले. पुढच्या रविवारी तिने एक ड्रॅगन रंगवून आणला. हिरवा, चार नखांचा, पाठीवर निळे खवले. डोळ्यांच्या जागी दोन पांढरे गोल. आम्ही म्हटलं, "अगं, डोळे काढायचे राहिले." ती म्हणाली, "काका, आधी पाऊस पडू दे, मग काढते."

जय भीम. नमो बुद्धाय.